काटकसर कोणाची, खर्च कोणाचा?

विमानप्रवास ही एके काळी धनिकांची आणि बड्या अधिकाऱ्यांची मिरास समजली जाई. सामान्य माणूस विमान पाही, ते अंगणात उभे राहून, मान वर करून. गेल्या पन्नास वर्षांत जगातील अनेक देशांत ही स्थिती पालटली. आखाती देशात कामाला निघालेला सुतार, परीक्षेसाठी दुसऱ्या राज्यात जाणारा विद्यार्थी आणि लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेली आई आज एकाच विमानात शेजारी शेजारी बसलेली दिसतात. हा बदल घडवून आणण्यात अल्पदरात सेवा देणाऱ्या विमान कंपन्यांचा वाटा फार मोठा आहे.

या कंपन्यांचे जितके कौतुक होते, तितकीच त्यांच्यावर टीकाही होते. कौतुक कोठे करावे आणि टीका कोठे करावी, हे ठरवायचे असेल तर एक प्रश्न आधी विचारला पाहिजे. तिकीट स्वस्त झाले ते खर्च खरोखरच कमी झाला म्हणून, की तो खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारला म्हणून? पहिल्या प्रकाराला काटकसर म्हणतात. दुसऱ्याला ते नाव देता येत नाही.

खऱ्या काटकसरीचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात सापडते. १८ जून १९७१ रोजी साउथवेस्ट एअरलाइन्स या कंपनीची विमाने डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांदरम्यान उडू लागली. त्या काळी अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विमानांची भाडी केंद्रीय मंडळाच्या नियंत्रणाखाली असत. एकाच राज्याच्या हद्दीत उडणाऱ्या कंपनीला ते बंधन नव्हते, म्हणून साउथवेस्टला कमी भाडे ठेवता आले. परंतु १९७२ मध्ये देणी भागवण्यासाठी तिला आपल्या चार विमानांपैकी एक विकावे लागले. वेळापत्रक मात्र चार विमानांचे होते. ते तीन विमानांत पार पाडायचे, तर उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उड्डाणाला सज्ज झाले पाहिजे, असा हिशेब निघाला. आणि कर्मचाऱ्यांनी तो खरा करून दाखवला.

या प्रसंगातून या व्यवसायाचे मर्म कळते. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा ते एक पैसाही मिळवत नाही, त्याचे हप्ते मात्र चालूच राहतात. जितक्या अधिक फेऱ्या, तितका दर प्रवाशामागील खर्च कमी. साउथवेस्टने बोईंग ७३७ या एकाच जातीच्या विमानांवर भर दिला. त्यामुळे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि दुरुस्ती या सर्वच बाबींत बचत झाली. जेवणाच्या थाटमाटाला फाटा मिळाला. विशेष म्हणजे, ही बचत करताना कंपनीने कर्मचाऱ्यांना नफ्यात वाटा दिला आणि त्यांच्या संघटनांशी करार करून काम चालवले. १९७३ ते २०१९ अशी सलग ४७ वर्षे ही कंपनी नफ्यात राहिली. कामाची नीट आखणी आणि कामगाराचा मान या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, याचा यापेक्षा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरील नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि हा मार्ग इतर कंपन्यांनाही मोकळा झाला. पुढे तो इतर खंडांतही पोहोचला. मलेशियात २००१ मध्ये टोनी फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्जात बुडालेली एअरएशिया केवळ एक रिंगिट देऊन, कर्जासह विकत घेतली. समुद्राने विभागलेल्या त्या देशात कामासाठी घर सोडलेल्या माणसाला सणासुदीला घरी जाता येणे किती मोलाचे असते, हे वेगळे सांगायला नको.

युरोपात १९९० च्या दशकात देशोदेशींच्या सरकारी कंपन्यांची मक्तेदारी संपली. १९९५ मध्ये ल्यूटनहून इझीजेटची विमाने स्कॉटलंडला उडू लागली. आयर्लंडच्या रायनएअरने साउथवेस्टचा धडा गिरवला आणि काही बाबतींत त्याहून कितीतरी पुढची मजल मारली. शहरापासून दूर असलेली, कमी शुल्काची विमानतळे तिने निवडली. सामान, आसन, खाणेपिणे या प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे घेतले. जो सेवा घेईल त्याने तिचे मोल द्यावे, हे तत्त्व वरवर न्याय्य वाटते. पण ते कोठवर ताणायचे? लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर चाकाच्या खुर्चीसाठीही प्रवाशाकडून पैसे घेतले जात. २००४ मध्ये इंग्लंडमधील न्यायालयाने ही आकारणी बेकायदा ठरवली. ज्याला चालता येत नाही, त्याच्यासाठी खुर्ची ही चैन नव्हे, इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली.

युरोपीय संघाने त्यानंतर कायद्याने मर्यादा आखून दिल्या. उड्डाण रद्द झाल्यास किंवा तिकीट असूनही प्रवाशाला विमानात घेतले नाही, तर ठरावीक परिस्थितीत २५० ते ६०० युरो भरपाई देण्याचा नियम २००५ पासून लागू झाला. अपंग प्रवाशांना विनामूल्य साहाय्य देण्याचा नियम २००६ मध्ये संमत झाला. कर आणि अटळ शुल्क धरून होणारी संपूर्ण किंमत सुरुवातीपासूनच दाखवली पाहिजे, असे २००८ च्या नियमाने ठरवले.

नियम वाढले की तिकिटे महागतील आणि गरीब माणूस पुन्हा जमिनीवरच राहील, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, कारण प्रत्येक नियमाला काही ना काही खर्च येतोच. परंतु प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? हे सर्व नियम पाळूनच रायनएअर वाढत गेली आणि मार्च २०२५ अखेर संपलेल्या वर्षात तिने २० कोटी प्रवाशांची वाहतूक केली. नियमांमुळे ती बुडाली नाही. जी कंपनी खरोखर काटकसरी असते, तिला न्यायाचा खर्च पेलवतो.

भारतात या युगाचा आरंभ ऑगस्ट २००३ मध्ये झाला. सैन्यातून निवृत्त झालेले आणि काही काळ शेती केलेले कॅप्टन गोपीनाथ यांनी बंगळुरूहून एअर डेक्कनची लहान विमाने सुरू केली. मोठ्या कंपन्यांनी ढुंकूनही न पाहिलेल्या हुबळीसारख्या गावांना तिने आकाशाशी जोडले. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' हे तिचे बोधचिन्ह होते. तिने काही आसने एक रुपयालाही विकली. लोकांच्या मनातील भीती त्यामुळे मोडली. पण तोटा वाढत गेला आणि काही वर्षांतच ही कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली. किंगफिशरची उड्डाणेही २०१२ मध्ये थांबली, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे बंद पडली आणि आगाऊ तिकीट काढलेल्या प्रवाशांचे पैसे अडकले. खर्चापेक्षा कमी दराने विकलेल्या तिकिटाची उरलेली किंमत कोणीतरी भरतच असते. ती कधी कामगार भरतो, कधी बँक, तर कधी पुढच्या महिन्याचा प्रवासी.

डिसेंबर २०२५ मधील घटना याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वैमानिकांना आठवड्याला सलग ३६ तासांऐवजी ४८ तासांची विश्रांती मिळावी आणि रात्रीच्या वेळी त्यांनी किती वेळा विमान उतरवावे यावर कडक मर्यादा असावी, असे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. त्यांचा अखेरचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या इंडिगोकडे या नियमांनुसार पुरेशा वैमानिकांची तजवीज नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर माणसे आणि सामान यांचे ढीग साचले. अखेर सरकारने काही नियमांतून त्या कंपनीला तात्पुरती सूट दिली आणि भाड्यांवर कमाल मर्यादा घातली.

या घटनेत अनेकांचा रोष विश्रांतीच्या नियमांवर वळला. तो अनाठायी होता. थकलेला चालक एसटीची गाडी चालवत असेल, तर तिच्यात बसायला कोणीही धजावणार नाही. मग आकाशातील चालकाला वेगळा न्याय कसा लावता येईल? वैमानिकाची झोप हा काटकसरीचा विषय नाही. आणि एकाच कंपनीवर देशाचा इतका भार असेल, तर तिच्या चुकीची शिक्षा सर्वांनाच भोगावी लागते, हाही धडा त्यातून मिळाला.

म्हणून अल्पदरातील विमानसेवेला विरोध करणे चूक ठरेल. सामान्य माणसासाठी उघडलेले हे दार बंद होता कामा नये. कंपन्यांनी जेवण काढून घ्यावे, एकाच जातीची विमाने वापरावीत, विमान अधिक वेळ हवेत ठेवावे. वैमानिकाची विश्रांती, कामगाराचे वेतन, अपंगाचे साहाय्य आणि प्रवाशाचा परतावा यांना मात्र कात्री लागू नये, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. प्रवाशानेही तिकीट काढताना मोठ्या अक्षरांतील आकड्यावर न थांबता सामान, आसन व कर धरून होणारी एकूण रक्कम पाहावी, परताव्याच्या अटी वाचाव्यात. उड्डाण रद्द झाल्यास दुसरे उड्डाण किंवा पैसे परत मागण्याचा हक्क आपल्या देशातील नियमांनीही दिलेला आहे. तो मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. तिकीट स्वस्त असले, तरी ते काढणाऱ्याचा हक्क पूर्णच असतो.