‘रंगरंगोटी’ या शब्दाची बदनामी

मराठी समीक्षेत एखादी कादंबरी निकालात काढायची असली की ‘नुसती रंगरंगोटी’ एवढे दोन शब्द पुरतात. आशय तेवढा खरा, पृष्ठभाग मात्र दिखाऊ, ही समजूत त्यांच्या पाठीशी उभी असते. हे शब्द लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी आयुष्यात एखादी वस्तू स्वतःच्या हाताने नीट रंगवली आहे, असा आमचा साधा प्रश्न आहे.

उदाहरण मुद्दाम दूरचे आणि वरकरणी क्षुल्लक घेतो. अमेरिकेत पुष्कळ लोक आपल्या गोल्फ कार्टची बॉडी घरच्या घरी नव्याने रंगवतात. गोल्फ म्हटले की आपल्याला धनिकांची हिरवळ आठवते, हे खरे. पण जॉर्जिया राज्यातील पीचट्री सिटी या शहरात कार्टसाठी सुमारे १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या आसपास स्वतंत्र वाटा आहेत. तेथे किराणा आणायला हीच गाडी आणि शाळेत जायलाही हीच. तेव्हा ‘रिकामटेकड्यांचा छंद’ म्हणून हा विषय झटकता येणार नाही.

या कामात रंग सर्वांत शेवटी येतो. जुन्या कार्टची बॉडी कोठे पत्र्याची, कोठे फायबरग्लासची असते. अलीकडे साच्यात घडवलेले प्लॅस्टिक अधिक दिसते, आणि त्यातले काही प्रकार रंगाला सहजी चिकटू देत नाहीत. म्हणून आधी बॉडी सुटी करायची, साबणाच्या पाण्याने धुवायची आणि वर्षानुवर्षांच्या पॉलिशचे मेण व सिलिकॉन द्रावकाने पुसून काढायचे. हे घासण्याच्या आधीच व्हावे लागते. नाहीतर पॉलिश पेपर तीच घाण ओरखड्यांत भरून ठेवतो आणि नव्या रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे उमटतात. मग ४०० ते ६०० नंबरच्या कागदाने जुनी चकाकी मारायची, धूळ टिपायची, प्लॅस्टिक असेल तर रंगाला धरून ठेवणारा खास थर द्यायचा. त्यानंतर रंगाचे पातळ हात, आणि दोन हातांमध्ये द्रावक उडून जाईपर्यंत थांबणे. जाड हात दिला की ओघळ येतो. दमट हवेत घाई केली की काही रंगांवर पांढुरकी साय धरते. दहा भागांतले नऊ भाग काम असे, की जे संपल्यावर कोणाला दिसतच नाही.

पृष्ठभागाचा तिरस्कार करणारा समीक्षक आणि ‘घासायची गरज नाही, एका शनिवारी गाडी नवी’ असे सांगून डबा विकणारा बाजार, हे दोघे एकमेकांचे विरोधक भासतात. आमच्या मते ते सख्खे भाऊ आहेत. पृष्ठभाग ही वरून चढवायची गोष्ट आहे, तिला खालच्या वस्तूशी काही देणेघेणे नाही, हे दोघांचेही गृहीतक. पहिला त्यामुळे तिला तुच्छ लेखतो, दुसरा तिला स्वस्त विकतो. रंग सोलून निघतो तेव्हा दोघेही खोटे ठरतात, कारण दोष बहुधा खालच्या अर्धवट तयारीत असतो.

‘हे काम कारागिराला द्यावे, शिकलेल्यांनी त्यात वेळ का घालवावा?’ असा आक्षेप येईल. त्यातला पहिला अर्धा कधीकधी रास्त आहे. दोन घटक मिसळून मारायच्या अनेक चकाकत्या लेपांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. शरीर एकदा त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प मात्राही दमा उसळवू शकते. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क येथे निरुपयोगी. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त रंगशाळा लागते. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, द्रावकाची वाफही ज्वालाग्राही. म्हणून बंद गॅरेजमध्ये चार्जिंग आणि फवारणी शेजारी शेजारी चालवणे म्हणजे आगीशी खेळ. हा लेप घरी मारू नये, हे ज्ञानही कामाच्या जवळ गेल्याशिवाय येत नाही.

आक्षेपाचा दुसरा अर्धा मात्र आम्हांस मान्य नाही. हाताचे काम एका जातीचे आणि शब्दांचे काम दुसऱ्या जातीचे, ही आपल्याकडची जुनी वाटणी त्यात बोलते आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला. तो आपल्या महाविद्यालयांच्या उंबरठ्याशीच थांबला, आणि आमच्या मराठी विभागांत तर तो शिरलाही नाही. परिणामी घडण, पोत, वीण हे शब्द आपण कारागिरांकडून उसने घेतले आणि त्यांमागचे श्रम मात्र त्यांच्याच दारात सोडून आलो.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला सात दशके उलटली. घाटाचा विचार गंभीरपणे करणारी परंपरा आपल्याकडे आहे. तरीही ‘रंगरंगोटी’ अजून शिवीच राहिली आहे. आमची मागणी माफक आहे. यापुढे ज्या समीक्षकास एखादे पुस्तक ‘नुसती रंगरंगोटी’ वाटेल, त्याने तेथेच थांबू नये. रंग नेमका कोठे सुटला आणि त्याखालचे कोणते काम राहून गेले, हे सांगणारे पुढचे वाक्यही लिहावे.