ज्युनियरच्या नावाने एवढं करा

मा. अध्यक्ष व पदाधिकारी,
डेंपो स्पोर्ट्स क्लब, गोवा यांस,


छत्रपती संभाजीनगरात मोठा फुटबॉल क्लब नाही. आमखास मैदानावर खेळणाऱ्या आम्हा पोरांना ‘आपली टीम’ म्हणायला कोलकाता नाहीतर गोवा. मी डेंपोचा झालो. ईस्ट बंगालकडून गाजलेला क्रिस्तियानो ज्युनियर 2004 मध्ये आपल्याकडे आला, तेव्हा या मोसमात आपणच, अशी माझी खात्रीच झाली होती.

5 डिसेंबर 2004. बंगळुरूत फेडरेशन कपची फायनल. मोहन बागानविरुद्ध 2-0, दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी धडक झाली, चेंडू जाळ्यात गेला आणि तो पडला तो उठलाच नाही. वय 25. सोमवारच्या पेपरात जिंकल्याची आणि तो गेल्याची बातमी एकाच मथळ्याखाली होती. पुढे त्याच मोसमात राष्ट्रीय लीगही आपण जिंकली. तिचा आनंद मला आजही मोकळेपणाने होत नाही.

त्या गोलकीपरला, सुब्रत पालला, लोकांनी फार बोल लावले. तो तेव्हा अठराचा होता, चेंडूसाठी पुढे आला होता. पुढे 2011 च्या आशिया कपमध्ये त्यानेच भारताचा गोल जिवाच्या कराराने राखला. त्याच्यावरचा राग मला कधीच पटला नाही. राग यायचाच असेल, तर मैदानाच्या कडेला असलेल्या रिकाम्या हातांचा यावा.

कारण ज्युनियरचं हृदय बंद पडलं होतं. अशा वेळी छाती दाबणं आणि विजेचा झटका देणं यांविना जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. 12 जून 2021 ला कोपनहेगनला सामना चालू असताना डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला. मैदानातच छाती दाबून सीपीआर दिला गेला, एईडी या विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने झटका दिला गेला आणि तो पुढे पुन्हा डेन्मार्ककडून खेळला. तो सामना बघताना मला सारखा ज्युनियर दिसत होता. ज्युनियर वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. पण एरिक्सनला मिळालेली ती संधी आपल्याकडच्या किती मैदानांवर मिळेल?

त्याची 10 नंबरची जर्सी आपण निवृत्त केलीत, याबद्दल मी क्लबचा ऋणी आहे. पण ती जर्सी कुणाचा जीव वाचवू शकत नाही, आणि गावोगावच्या स्पर्धांमध्ये बाजूला अजूनही बर्फाची पिशवी आणि वेदनाशामक स्प्रे एवढंच असतं.

म्हणून मागणं एकच. दर 5 डिसेंबरला ज्युनियरच्या नावाने गोवा आणि महाराष्ट्रातल्या प्रशिक्षकांसाठी, पंचांसाठी सीपीआर आणि एईडीचं शिबिर घ्या. छाती कशी, किती जोरात, किती वेगाने दाबायची, हे एका दिवसात हाताला शिकवता येतं. आमखासवर मुलांना शिकवणाऱ्यांशी मी बोलतो. त्यांच्या येण्याजाण्याची सोय आम्ही इथले चाहते वर्गणी काढून करू. आपण फक्त जागा आणि वेळ कळवावी.

आपला,
डेंपोचा एक चाहता
छत्रपती संभाजीनगर