उवा, गवत आणि एक काळी खपली

टायफॉइड आणि टायफस या दोन तापांची गल्लत आपल्याकडे घरोघरी होते. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून येतो. टायफस उवा, पिसवांसारख्या बारीक जीवांमुळे पसरतो. मराठीत त्याला ‘प्रलापक सन्निपात ज्वर’ असे भारदस्त नाव आहे, कारण तापाच्या भरात रोगी बरळू लागतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ धूर. बुद्धीवर धुरासारखा पसरणारा हा ताप.

त्याच्या मोठ्या साथी पसरवल्या त्या कपड्यांच्या शिवणीत दडणाऱ्या उवेने. म्हणजे ज्याच्यापाशी बदलायला दुसरा सदरा नाही, त्याला हा रोग आधी गाठणार. सैन्य, तुरुंग, छावण्या ही त्याची हक्काची ठिकाणे. १८१२ साली रशियावर चालून गेलेल्या नेपोलियनच्या फौजेला थंडी आणि भुकेबरोबर ज्या रोगांनी खाल्ले, त्यांत टायफस होता. १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत कोवळी ॲन फ्रँक गेली, तीही बहुधा याच तापाने.

उवेचा हा गुन्हा उघडकीस आणला शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरने. ट्युनिसच्या रुग्णालयात त्याला दिसले, की दाराबाहेर रोग पसरतो. पण आंघोळ घालून, कपडे बदलून आत घेतलेल्या रोग्यापासून वॉर्डात कोणालाही लागण होत नाही. मग दोष त्या उतरवलेल्या कपड्यांत! १९०९ मध्ये त्याने हे सिद्ध केले आणि १९२८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

या रोगाचा एक भाऊबंद आपल्या शिवारातही आहे. त्याचे नाव स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातील इतर जिल्ह्यांत त्याची साथ आली, माणसे दगावली. झुडपांत, गवतात असणारी, उंदरांच्या अंगावर पोसणारी चिगर नावाची सूक्ष्म अळी चावते. चावा कळतही नाही. आठ-दहा दिवसांनी ताप चढतो, डोके ठणकते. पुष्कळदा चाव्याच्या जागी, काखेत, कमरेला किंवा जांघेत, बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. वेळीच ओळखले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने रोगी बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांच्यावर घाला येतो.

हा उशीर का होतो? बँकेच्या ग्रामीण शाखांत घालवलेल्या वर्षांत मी पाहिले, की खुरपणीच्या दिवसांत ताप अंगावर काढण्यामागे हिशेब असतो. मजुरी बुडते, आणि तण काही आपल्यासाठी थांबत नाही. बायाबापड्या तर जांघेतली खपली संकोचाने दाखवतच नाहीत. त्या दिवसांत मलेरिया-डेंग्यूचीही चलती असते. या तापाचा संशय येईपर्यंत आठवडा उलटतो.

म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आला, की डॉक्टरांनी ‘शेतात, गवतात गेला होता का?’ हे विचारावे आणि रोग्याने न विचारता सांगावे. गवतात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या अंगाने गवतावर लोळू नये, घरी येताच आंघोळ करून कपडे धुवावेत. आणि घरातल्या तापकरी माणसाचे अंग आपल्याच माणसांनी एकदा नीट पाहावे. औषध हाताशी असताना केवळ न पाहिल्यामुळे कोणी दगावू नये.