पशुवैद्याचें शिक्षण आणि मुक्या जनावराची वेदना

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या गांवीं एक तरुण पशुवैद्य माझा गोऱ्हा खच्ची करण्यास आले होते. गोऱ्हा घरच्या गाईचा, अडीच वर्षांचा. चौघांनीं दोर घालून त्यास पाडलें, बर्डिझो नांवाचा चिमटा दोन्ही बाजूंस लावला आणि दहा मिनिटांत काम उरकलें. हातांत सफाई होती. रक्ताचा थेंब आला नाहीं, जखम नाहीं, पुढें सूजही फारशी राहिली नाहीं. मात्र बधिर करण्याचें औषध टोचलें गेलें नाहीं. मागाहून विचारतां त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं कॉलेजांत तें शिकविलें होतें, पण खेड्यांत कोणी मागत नाहीं. खरें सांगावयाचें तर मींही मागितलें नव्हतें. उलट गव्हास पाणी धरावयाचें म्हणून घाईच केली होती. पुढें लाळ-खुरकुताची लस टोचण्यास तेच गृहस्थ आले, तेव्हां पिशवी घेऊन येणारा माणूस पाहतांच गोऱ्ह्यानें दावें तोडलें. त्यास धरण्यास सहा माणसें लागलीं आणि एका गड्याच्या पायाचें बोट मोडलें.

ही हकीकत तक्रार म्हणून लिहिलेली नाहीं. दोष वांटावयाचा झाल्यास निम्मा माझ्याकडेच येईल. प्रश्न असा कीं जें शिकविलें जातें तें गोठ्याच्या दारापर्यंत कां पोहोंचत नाहीं?

पशुवैद्यकाचें रीतसर शिक्षण सांथींच्या धाकानें व घोड्यांच्या गरजेनें जन्मास आलें. फ्रान्समधील लियों शहरीं क्लोद बूर्जला यानें १७६१ सालीं जगांतील पहिली पशुवैद्यकशाळा काढण्याची परवानगी मिळविली, तेव्हां बुळकांड्या युरोपभर गोठे ओस पाडीत होता. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं कॉलेज निघालें. कळप वांचविणें हेंच त्या काळीं मुख्य काम होतें आणि तें ह्या विद्येनें करून दाखविलें. बुळकांड्यापासून भारत २००६ सालीं मुक्त झाल्याचें मान्य झालें, आणि २०११ सालीं तो साऱ्या जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. ज्या रोगानें आपल्या आज्यापणज्यांस एका पंधरवड्यांत बिनबैलांचें केलें, त्याचें नांवही आज पोरांस ठाऊक नाहीं. हें ऋण विसरूं नये. परंतु कळप वांचल्यावर त्यांतील एकेका जनावराचें काय, हा प्रश्न आतां पुढें आला आहे.

इंग्लंडांत हा प्रश्न कोंबड्या-वासरांच्या पिंजऱ्यांवरून निघाला. रूथ हॅरिसन ह्या बाईंनीं १९६४ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें, लगेच सरकारनें ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली, आणि १९७९ सालीं पांच स्वातंत्र्यांची सुप्रसिद्ध यादी तयार झाली: भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-रोग व भय यांपासून मुक्तता, आणि स्वभावाप्रमाणें वागण्याची मोकळीक. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २०१४ सालच्या निकालांत तिचा आधार घेतला. यादी चांगलीच आहे. पण ती पिंजऱ्यापुढें उभें राहून लिहिलेली आहे. खांद्यावरचें जूं, नाकांतील वेसण, डांबरी रस्त्यावर झिजणारे खूर तिच्या कर्त्यांनीं पाहिले नव्हते. तें पाहून शिकविणें हें आपल्या कॉलेजांचें काम होय.

आमच्याकडे मात्र बैलाविषयींची सारी चर्चा शर्यतीच्या घाटावर जाऊन अडकते. शर्यत वर्षांतून कांहीं दिवसांची, जूं रोजचें. ओझ्याच्या जनावरांविषयीं १९६५ सालापासून नियम आहेत. दिवसांत नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, सलग पांच तासांहून अधिक जुंपूं नये, आणि उष्णमान ३७ अंशांवर असेल तर दुपारीं बारा ते तीन गाडीस लावूं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. गाळपाच्या हंगामांत कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांची रांग लागते, तेथें उष्णमापक घेऊन उभा राहिलेला एकही विद्यार्थी मीं अजून पाहिलेला नाहीं.

कायद्याची गोष्टही मौजेची आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें शिंगें काढणें, खच्ची करणें, डागणें व वेसण घालणें हीं कामें ठरविलेल्या रीतीनें केल्यास गुन्हा मानलेलीं नाहींत. म्हणजे सारा भार रीतीवर आला; आणि रीत ज्याच्या हातांत बसते तो पशुवैद्य कॉलेजांतच घडतो.

कोणी म्हणेल कीं हे श्रीमंतांचे चोचले आहेत. लिग्नोकेनची एक बाटली अनेक जनावरांस पुरते. खरा खर्च औषध लागेपर्यंत थांबण्याच्या कांहीं मिनिटांचा आहे. मागाहूनच्या ठणक्यास मेलॉक्सिकॅम आहे. येथें एक इशारा दिला पाहिजे: वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक बैलास टोचूं नये. तें टोचलेलीं मेलेलीं जनावरें खाऊन गिधाडें नष्टप्राय झालीं, म्हणून २००६ सालींच जनावरांसाठीं त्याची बंदी झाली. दया करावयाची तरी ती शिकून करावी लागते, ती अशी.

आमची सूचना साधी आहे. पदवीचा अभ्यासक्रम साडेपांच वर्षांचा असून त्यांतील एक वर्ष उमेदवारीचें असतें. त्यांपैकीं एक महिना विद्यार्थ्यानें शेतकऱ्याच्या घरीं राहून काढावा. शहरांतून आलेल्या मुलास कुत्र्याची नाडी चांगली कळते. बैलाचा खांदा आंतून तापला आहे हें तळहातानें ओळखणें त्यास खांदेमळणीच्या दिवशीं आमचा म्हातारा गडी शिकवील. उलट त्या मुलानें आम्हांस सांगावें कीं खांदा चोळून रात्रीं पुरणपोळी चारली, म्हणून आलेल्या खांद्यावर दुसऱ्या आठवड्यांत जूं ठेवण्याचा हक्क मिळत नाहीं. हें ऐकून घेणें आम्हांस जड जाईल. संघानें निवासाची व्यवस्था करावी, आणि तालुक्याच्या दवाखान्यांस बधिरतेचें औषध कमी पडूं नये म्हणून आपल्या निधींतून थोडी रक्कम वेगळी काढावी.

यंदा माझा दुसरा गोऱ्हा खच्ची करावयाचा आहे. त्या दिवशीं पाणी धरण्यास थोरल्या मुलास पाठवून औषध लागेपर्यंत मी गोठ्यांत त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहणार आहें.