रोज तीच नदी?

"अगं, रोज रोज तीच नदी! एवढं काय बघायचं असतं त्यात?"

सासूबाईंचा हा प्रश्न मला आता पाठ झालाय. मैत्रिणींनो, एकटीनं फिरायला निघालं की आपल्यापैकी बऱ्याच जणींना घरातून असंच काहीतरी ऐकावं लागतं, नाही का? पण सासूबाईंचं तरी काय चुकलं? या नदीनं आम्हांला काय दाखवलंय, ते त्यांनीही पाहिलंय.

आम्ही सांगलीकर. कृष्णामाई म्हणजे आमची आईच. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ फुटांची!) आणि ही माई थेट आमच्या स्वयंपाकघरात आली. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर डब्यांतलं धान्य, लग्नातला शालू, मुलांची पुस्तकं, सगळं एकाच चिखलाच्या रंगाचं! त्यानंतर कितीतरी दिवस मी नदीकडे फिरकले नाही. पावसाची सर आली की छातीत धडधडायचं. रात्री झोप नाही.

मग एक दिवस ठरवलं, जिची भीती वाटते तिलाच रोज भेटायचं. सकाळचे डबे भरून झाले की अर्धा तास घाटावर. सुरुवातीला मी नुसत्या पायऱ्या मोजायची, पाणी किती चढलं तेवढंच बघायची. हळूहळू मोजणं सुटलं आणि बाकीचं दिसायला लागलं.

काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि क्षणात सूर मारतो. आषाढातलं तांबूस, गढूळ पाणी दिवाळीपर्यंत निवळतं. उंबराला फूल येत नाही म्हणतात ना? फुलं असतात, पण बारीक बारीक, त्या फळाच्या पोटात लपलेली! आणि पावसाळा सरला की येतो पांढरा धोबी. वजन जेमतेम २०-२५ ग्रॅम, शेपटी सारखी वर-खाली. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून हा जीव उडत येतो आणि आमच्या घाटावर तुरुतुरु चालतो. वाटतं, एवढासा जीव एवढी वाट कापतो, मग आपण कशाला डगमगायचं?

भीती पार गेली असं म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये आजही महत्त्वाची कागदपत्रं मी माळ्यावर ठेवते. पण आता नदी म्हटली की आधी पूर आठवत नाही, खंड्या आठवतो. झोपही लागते.

तुम्हीही करून पाहा. नदी नसेल तर तळं, ओढा, काहीही चालेल. जागा आणि वेळ मात्र रोज एकच ठेवा, म्हणजे बदल कळतो. सोबत एखादी शेजारीण घ्या. पायांत न घसरणारी चप्पल हवी, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नका आणि पावसाळ्यात काठापासून लांबच राहा. घरी आल्यावर त्या दिवशी नवं दिसलेलं काहीतरी वहीत एका ओळीत लिहा.

परवा घरी आले, तर सासूबाई दारातच उभ्या. म्हटलं, आता तोच प्रश्न! पण त्यांनी हळूच विचारलं, "काय गं, आला का तुझा धोबी?"

उद्यापासून आम्ही दोघी जाणार आहोत.