उपदेशाची झाडाझडती घेणार कोण?

धर्मपीठावरून लैंगिकतेविषयी होणारा उपदेश हे आता सुनियोजित प्रचारतंत्र झाले आहे. त्याची चिकित्साही प्रचारतंत्र म्हणूनच व्हायला हवी. नेमक्या याच वेळी अशा चिकित्सेला थारा देणाऱ्या ज्ञानशाखांच्या पायाखालची जमीन काढून घेतली जात आहे. हंगेरीच्या सरकारने २०१८ मध्ये लिंगभाव अध्ययनाची मान्यता काढली. २०२३ मध्ये फ्लोरिडातील न्यू कॉलेजच्या विश्वस्तांनी तोच कित्ता गिरवला. याची किंमत काय पडते, हे जाणून घ्यायला भविष्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मागचे दप्तर पुरेसे बोलके आहे.

१९९३ साली अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांनी 'ट्रू लव्ह वेट्स' ही विवाहपूर्व संयमाची मोहीम छेडली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर किशोरांनी सह्या केलेली दोन लाखांहून अधिक प्रतिज्ञापत्रे मांडली गेली. क्रिस्टीन गार्डनर या संज्ञापनाच्या अभ्यासिकेने अशा मोहिमांची भाषा बारकाईने तपासून २०११ मध्ये 'मेकिंग चॅस्टिटी सेक्सी' हा ग्रंथ सिद्ध केला. संयम खपवला जात होता तो कामसुखाच्याच आमिषावर, हे त्यांनी दाखवून दिले. आज थांबा, विवाहानंतर घबाड मिळेल! स्वतःच्या देहावरील अधिकाराची स्त्रीवादी परिभाषाही त्यासाठी बिनदिक्कत उसनी घेतली गेली. आफ्रिकेत मात्र त्याच संदेशाला एड्सच्या सावटाचा संदर्भ होता. गिऱ्हाईक पाहून वेष्टन बदलणारे असे हे सनातन सत्य.

या प्रचाराला राजाश्रयही मिळाला. अमेरिकेच्या १९९६च्या कल्याणकारी कायद्याने संयमशिक्षणासाठी वर्षाला पाच कोटी डॉलरची तरतूद केली. प्रतिज्ञा घेणाऱ्यांचे पाच वर्षांनी काय झाले, हे २००९ साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचे लैंगिक वर्तन इतरांसारखेच होते. ८२ टक्क्यांनी तर प्रतिज्ञा घेतल्याचेच नाकारले. फरक एवढाच, की गर्भनिरोधक साधने ते कमी वापरत होते. शपथ विरली, साधनांविषयीची अढी तेवढी मागे राहिली. आफ्रिकेत २००४ ते २०१३ या काळात अमेरिकेने संयम व एकनिष्ठतेच्या प्रचारावर १४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. वर्तनात त्याचा मागमूस आढळला नाही, असा निष्कर्ष २०१६ मध्ये निघाला. एड्सच्या छायेतील देशांत वाया गेलेल्या पैशाचा हिशेब केवळ डॉलरमध्ये होत नसतो.

अमेरिकेतील एलिझाबेथ स्मार्ट या मॉर्मन कुटुंबातील मुलीचे २००२ मध्ये, चौदाव्या वर्षी, घरातून अपहरण झाले. नऊ महिने ती अत्याचार सोसत होती. लग्नाआधी संबंध आलेली मुलगी म्हणजे चघळलेले च्युइंगगम, असे तिला शिक्षिकेने शिकवले होते. बलात्कारानंतर आपण तेच झालो, आता आपली किंमत शून्य, असे वाटल्याचे तिने २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले; बळी पडलेली मुलगी पळून का जात नाही, याचा उलगडाही तिने त्यातूनच केला. अपहरणकर्त्याचे निम्मे काम वर्गातच उरकले होते.

महाराष्ट्राने याकडे परक्याचे दुखणे म्हणून पाहू नये. संततिनियमनाच्या प्रचारापायी र. धों. कर्व्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली, ती याच मुंबईत. २००७ मध्ये विधिमंडळातील गदारोळानंतर शाळांतील लैंगिक शिक्षणावर याच राज्याने बंदी घातली. पाठ्यपुस्तक मिटले; प्रवचने मात्र मोबाइलवर अहोरात्र सुरू आहेत आणि बारा-पंधरा वर्षांची मुले ती ऐकत आहेत. निवडणुकीच्या भाषणांची चिरफाड करणाऱ्या आमच्या जनसंज्ञापन विभागांनी ही भाषणेही तपासायला घ्यावीत. तसे करणाऱ्या प्राध्यापकाला निधी आणि संरक्षण देण्याची हमी कुलगुरू व उच्चशिक्षण खाते देणार आहेत काय, याचे उत्तर लेखी हवे.