फूल, पाखरू आणि पूच्ची

‘फुलपाखरू’ हा मराठीतला लाडका शब्द आहे, आणि तितकाच दिशाभूल करणारा. त्यात फूल आहे, पाखरू आहे. पान नाही, किडा तर नाहीच नाही. तमिळ माणूस ‘पट्टाम्पूच्ची’ म्हणतो. पूच्ची म्हणजे किडा.

कुंभकोणमला राहून अनुवाद करणाऱ्या मला हा फरक शब्दकोशापुरता वाटायचा. आमच्या घरामागच्या पडीक तुकड्यात एरुक्कु, म्हणजे आपली रुई, माजली होती. पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट, प्लेन टायगरचे. अमेरिकेतल्या मोनार्कचा हा भाऊबंद. दोघेही ‘डॅनॉस’ प्रजातीतले, दोघांनाही नाव दिलं लिनिअसनं, 1758 मध्ये. मोनार्कच्या सुरवंटाला मऊ शिंगांच्या दोन जोड्या, याला तीन. रुईचा चीक विषारी, म्हणून हा आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडतो आणि मग निवांत जेवायला बसतो.

गल्लीतल्या मंडळींनी तो तुकडा ‘सुशोभित’ केला. रुई कोयत्यानं छाटली आणि ‘बटरफ्लाय गार्डन’साठी नर्सरीतून पेंटास आणि हळदीकुंकू आणलं. हळदीकुंकू मूळचं अमेरिकेतलं, रुईच्याच कुळातलं; सुरवंटांना तेही चालतं. मग बिघडलं काय? सुरवंट दिसताच फवारणी झाली, हे बिघडलं. “अम्मा, पूच्ची!” माळ्यानं खुलासा केला. “पट्टाम्पूच्चीतलीच ती,” मी म्हटलं. तो हसला, पंप चालूच राहिला.

गंमत अशी, की खुद्द अमेरिकेच्या उबदार भागात मोनार्कप्रेमींना हे हळदीकुंकू लावू नका, तिथलंच मिल्कवीड लावा, असं सांगितलं जातं. ते हिवाळ्यातही हिरवं राहतं आणि मोनार्कचा एक परजीवी त्यावर साठत जातो.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, मुलं खेळतात, असं मला ऐकवण्यात आलं. मान्य. पण कण्हेरही विषारीच, ती मात्र कुंपणाकुंपणाला. आणि हेच शेजारी विनायक चतुर्थीला एरुक्कुच्या माळा विकत आणतात, जसे आपण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो. संघम काव्यातला ताडाच्या घोड्यावर बसणारा प्रेमवेडा हीच फुलं माळतो. गळ्यात चालते, देवाला चालते, मातीत चालत नाही!

आम्ही अनुवादकही यातून सुटत नाही. मोनार्कवरच्या एका बालपुस्तकात मी ‘मिल्कवीड’साठी ‘रुईच्या कुळातलं झाड’ लिहिलं होतं. संपादकांकडून परत आलं ते ‘दुधी तण’ होऊन. मुलाला एकदा तण म्हणून शिकवलं की उपटायची परवानगी त्यातच आली. मूळ शब्दात ‘वीड’ आहे, हा युक्तिवाद मला पुरत नाही. इंग्रज शेतकऱ्याचा राग मराठी मुलानं का वाहायचा?

छाटलेल्या बुंध्यातून आता चार पानं फुटली आहेत. माळ्याला सांगितलंय, याला हात लावायचा नाही. संपादकांना कळवलंय, ‘तण’ छापणार असाल तर माझं नाव काढा. उत्तर दोघांचंही यायचंय.